रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

मुलींना मराठीतली शब्दसंपत्ती दाखवायची असेल तर फळ्यावर ‘दुखणे’ एवढंच लिहावं. ठणका, कळ, चमक, सणक, उसण, रग, ठसठस, कणकण, चुरचुर, आग, मुंग्या. दहा मिनिटांत फळा भरतो, कारण प्रत्येकीच्या घरात हे शब्द रोज बोलणारं कुणीतरी असतं. उर्दूत एकटा ‘दर्द’ पुष्कळ काम करतो. गुडघ्याचा तोही दर्द, दिलाचा तोही दर्द, आणि दुसऱ्याचा दर्द जो जाणतो तो हमदर्द. मराठीचंही फार वेगळं नाही. दुःख आणि दुखणं हे एकाच घरातले शब्द. डोकं दुखतं आणि मन दुखावतं. मी या दोन्ही भाषा शिकवते. शरीर आणि मन यांच्यामध्ये दोन्हींनी कुठे भिंत घातलेली मला दिसत नाही. ती भिंत आपण घालतो, आणि बहुतेक वेळा दवाखान्यातून रिपोर्टची पिशवी घेऊन घरी येताना घालतो.

हे चित्र आपल्या मोहल्ल्यात कुणाला परकं नाही. घरातल्या बाईचं अंग वर्षभर दुखतंय. मान, खांदे, कंबर, टाचा. आज इथं, उद्या तिथं. सकाळी उठते तीच थकलेली. रक्त तपासून झालं, एक्स-रे झाला, कधी उसनवारी करून एमआरआय झाला. डॉक्टर म्हणतात, “सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.” खरं तर ही खुशखबर. पण घरी ती पोचते ती अशी, की इतके पैसे गेले आणि निघालं काहीच नाही. नवरा कुरकुरतो. सासू म्हणते, “काम का वक्त आया की इसकी कमर दुखती.” त्या दिवसापासून त्या बाईला दोन दुखणी होतात. एक अंगाचं, आणि दुसरं खोटी ठरल्याचं. पालकसभा संपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या आयांकडून मी हे इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या वाक्यानंतरची गोष्ट मला पाठ झाली आहे. त्यातल्या एकीने एकदा सरळच विचारलं, “टीचर, मैं क्या नाटक करती हूँ?”

तिला जे उत्तर द्यायला हवं ते जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहिते आहे. जुनाट दुखण्यात मनाचा, झोपेचा, खाण्यापिण्याचा, हालचालीचा मोठा वाटा असतो. आणि हे म्हणणं म्हणजे दुखणं खोटं आहे असं म्हणणं अजिबात नाही. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि तिची किंमत बायका चुकवतात.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं. दुखणं म्हणजे काय याची व्याख्या करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने १९७९ मध्ये केलेल्या व्याख्येतच दुखणं हा इंद्रियांचा आणि भावनांचा, दोन्हींचा अनुभव आहे असं मान्य केलं होतं. २०२० मध्ये ती व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत एक साधी गोष्ट घातली गेली. माणूस ‘मला दुखतंय’ म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. जगातल्या नामांकित तज्ज्ञांना हे लिहून ठेवावंसं वाटलं, याचा अर्थ सासवा फक्त आपल्याकडेच नाहीत.

जखम आणि दुखणं यांचं माप सारखं नसतं, हे डॉक्टरांना युद्धावर नीट कळलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. जबर जखमी सैनिकांना ते विचारत, दुखण्यावर काही देऊ का? चारातले जवळपास तिघे नको म्हणाले. १९४६ मध्ये बीचर यांनी हे छापलं. त्या सैनिकांच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती, घरी जायची परवानगी होती. तेवढीच जखम शहरातल्या रस्त्यावर अपघातात झालेला माणूस विव्हळतो, कारण त्याच्यासमोर नोकरी, कर्ज, पोरंबाळं उभी राहतात. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. बकरी ईदच्या धांदलीत सुरी बोटाला लागते, ते रक्त दिसल्यावर कळतं. ठणका सुरू होतो तो रात्री, पाहुणे गेल्यावर.

रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये याची एक मांडणी केली. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. अंगाकडून येणारी दुखण्याची वर्दी त्यातून मेंदूकडे जाते. मार लागलेली जागा आपण चोळतो, तेव्हा ते फाटक थोडं लोटलं जातं. आणि वरून मेंदूही हुकूम पाठवतो, उघड किंवा लाव म्हणून. भीती, काळजी, जागरण असलं की फाटक सताड. पुढच्या संशोधनाने या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या केल्या, पण मुख्य गोष्ट टिकली. दुखणं खालून वर जातं तसं वरूनही त्याचा आवाज कमी-जास्त होतो.

महिनोन् महिने दुखत राहिलं की नसांची आणि मेंदूची यंत्रणाच हळवी होते. गल्लीत लावलेल्या एखाद्या बाइकचा सायरन असतो बघा, मांजर शेजारून गेलं तरी बोंबलणारा. चोर नाही हे खरं. पण कान किटताहेत हेही खरं, आणि तो आवाज कुणाच्या कल्पनेतला नाही. रिपोर्ट चोर शोधतो. सायरन बिघडलाय का, हे त्यात दिसत नाही.

उलटही होतं. रिपोर्टमध्ये काहीतरी दिसतं आणि त्याचाच धसका बसतो. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या जवळपास दोनतृतीयांश लोकांच्या मणक्यांच्या गाद्यांमध्ये काही ना काही दोष निघाला. म्हणजे गादी थोडी सरकलेली, फुगलेली असूनही माणूस मजेत चालतो. आपल्याकडे मात्र ‘गॅप आया है’ हे तीन शब्द ऐकले की बाई वाकायचं बंद करते, उचलायचं बंद करते, बाहेर जायचं बंद करते. स्नायू आणखी कमजोर होतात आणि कंबर आणखी दुखते. गॅपपेक्षा गॅपच्या भीतीनेच तिला जास्त जखडलेलं असतं.

आता झोप. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपला मोहल्ला झोपेचा दुश्मन आहे.

१९७५ मध्ये कॅनडातले हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. धडधाकट तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं आणि त्यांची गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडायची, पूर्ण जागं मात्र करायचं नाही. काही रात्री असं चाललं. या निरोगी लोकांचं अंग दुखू लागलं, दाबलं की दुखणाऱ्या जागा तयार झाल्या. नीट झोपू दिल्यावर ते पूर्ववत झाले. ज्या आजाराला आज फायब्रोमायल्जिया म्हणतात, त्याची लक्षणं केवळ झोप मोडून काही दिवसांपुरती उभी करता आली. त्या आजाराच्या निदानासाठी १९९० मध्ये अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघत, ११ दुखल्या की निदान. २०१० च्या निकषांत ते दाबून बघणं सोडलं आणि झोप कशी लागते, थकवा किती, गोष्टी लक्षात राहतात का, हे विचारायला सुरुवात झाली. दुखण्याच्या आजाराच्या यादीत झोपेला मानाचं पान मिळालं.

आता आपल्याकडची एक साधी रात्र घ्या. घरातला पुरुष अकराला येतो, किंवा दुकान बंद करून नाक्यावर मित्रांत बसून साडेबाराला. त्याला गरम रोटी हवी. मुलगा मोबाइलवर दीडपर्यंत जागा. भांडी होईपर्यंत दोन. नळाला पाणी पहाटे चारला येतं, ते भरायचं कुणी? फजर, मग मुलांची सातची शाळा, डबे. घरातले सगळे आपापल्या सोयीने झोपतात आणि सगळ्यांच्या जागरणाचं बिल एका बाईच्या नावावर फाडलं जातं. तिला चार तास मिळतात, तेही तुकड्यांत. ही बाई डॉक्टरांकडे गेली की झोपेबद्दल तिला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर ती सांगते, “नींद तो आती है.” येते तर येतेच. पण येऊ कोण देतं? दुखण्यामुळे झोप मोडते आणि झोप मोडल्याने दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं, ही दोन्हीकडून फिरणारी चक्की आहे. वर दिवसभर सहा-सात कप चहा, शेवटचा मगरिबनंतर. काही आज्या अजून मिश्री लावतात, त्यातला निकोटिनही झोप उडवणाराच.

रमजानला दोष देणाऱ्यांतली मी नाही. सहरीसाठी उठणं वेगळं आणि सहरीपर्यंत बाजारात फिरणं वेगळं. आपण दुसरं करतो आणि नाव पहिल्याचं सांगतो.

मनाचा भाग याहून नाजूक आहे, कारण त्याला आपल्याकडे इज्जतदार शब्दच नाही. एक ‘टेन्शन’ आहे, त्याच्यापुढे थेट ‘पागल’. मधलं सगळं रिकामं. म्हणून आपल्या बायका उदास आहे असं म्हणत नाहीत. डोकं जड आहे, छाती भरून येते, हातपाय गळतात, असं म्हणतात. त्या खोटं सांगत नाहीत. नैराश्य बऱ्याच लोकांत आधी अंगातूनच बोलतं. आणि उलटी वाटही तितकीच वाहती आहे. रोज दुखणारं माणूस हळूहळू लग्नकार्याला जायचं टाळतं, बोलायचं कमी करतं, चिडतं, मग त्याला उदासी घेरते. पहिलं कुठलं आलं याचा शोध घेत बसण्यात काही अर्थ नाही. दोन्हींवर इलाज करायचा असतो.

इथेच एक घोटाळा मी वारंवार बघते. एखादा समजूतदार डॉक्टर अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीन लिहून देतो. घरचा कुणी मोबाइलवर नाव टाकतो, किंवा मेडिकलवाला आवाज खाली आणून सांगतो, “ये तो डिप्रेशन की गोली है, भाभी.” गोळी गटारात. डॉक्टरने मला वेडी ठरवलं, हा राग वेगळा. वस्तुस्थिती अशी, की मेंदूकडून खाली येणारा आणि दुखण्याचा आवाज कमी करणारा जो हुकूम असतो, त्याचं काम सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांवर चालतं. मनाच्या स्थितीशी संबंध असलेली रसायनंही हीच. म्हणून एकच औषध दोन्हीकडे चालतं, आणि अमिट्रिप्टिलीन तर दुखण्यासाठी बहुधा बऱ्याच कमी मात्रेत देतात. डॉक्टरांनी हे दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तर गोळी गटारात गेली नसती, ही माझी तक्रार आहे. आणि न विचारता ती एकदम बंद करू नये, ही बायकांना विनंती.

पुरुषांनी हे वाचताना हसू नये. मालेगाव, भिवंडीत यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळीत उभ्या राहणाऱ्यांच्या कंबरेचं, पायांचं काय होतं ते त्यांनाच विचारा. पुरुषाला तर दुखतंय म्हणायचीही सोय नाही. तो महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा सहज मिळवतो आणि त्यावर पाळी काढतो. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत जुनाट कंबरदुखी जास्त दिसते हे अनेक अभ्यासांत आलेलं आहे, पण नाक्यावर ते कोण सांगणार.

सगळ्यांना माहीत असलेला इलाज एकच. सुई. गल्लीतल्या डॉक्टरने सुई टोचली नाही तर फी वाया गेली असं आपल्याला वाटतं, आणि डॉक्टरलाही ते ठाऊक असतं. ती सुई बहुधा डायक्लोफेनॅकची. चार दिवसांच्या तीव्र दुखण्यात ती चांगली उपयोगी पडते. पण दुखणं वर्षाचं आणि सुई दर आठवड्याची, हे गणित मूत्रपिंडावर आणि जठरावर जातं, रक्तदाब किंवा साखर असलेल्यांचं तर लवकर. जाता जाता सांगते, आपल्या आभाळातली गिधाडं जवळपास संपली ती याच औषधाने. जनावरांना ते टोचत, मेलेली जनावरं गिधाडं खात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे मान्य. पण म्हणून अम्मीला दर जुम्याला सुई टोचून आणायची असंही नाही.

सुईहून वाईट म्हणजे बिनलेबलच्या पुड्या. ‘देसी दवा, कोई साइड इफेक्ट नहीं.’ दोन दिवसांत गुडघे मोकळे, भूक सपाटून, चेहरा गोल. असं झालं की त्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा. महिनोन् महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम सोडलं तर माणूस कोसळतो. ज्यांनी घेतलंय त्यांनी लपवू नये, पुडी घेऊन सरळ एमडी डॉक्टरकडे जावं.

ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये, ज्या जुनाट दुखण्याचं दुसरं कारण सापडत नाही त्याबद्दल सूचना काढल्या. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या सुरू करू नका. व्यायाम, बोलून करायचे मानसोपचार आणि नैराश्यावरची काही औषधं यांचा विचार करा, असं त्यांत आहे. त्या कागदावर डॉक्टरांमध्येही वाद झाले. पण कल कुठे आहे ते दिसतं.

मग कुणीतरी म्हणतं, सब्र करो. हा शब्द फार जपून वापरायचा आहे, आणि आपण तो दुसऱ्याच्या तोंडावर पट्टीसारखा चिकटवतो. सब्रचं उदाहरण म्हणून आपण कुणाचं नाव घेतो? हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचं. कुरआनात त्यांची गोष्ट वाचा. त्यांनी आपली तकलीफ आपल्या रबला बोलून दाखवली. ती बोलल्यामुळे त्यांच्या सब्रमध्ये कुणी कमी काढली नाही. आणि उत्तर काय आलं? जमिनीवर पाय मार. मग पाणी निघालं, नहायला आणि प्यायला. म्हणजे इतक्या मोठ्या सब्र करणाऱ्यालाही बोलायची मुभा होती, इलाज होता, आणि पाय हलवायला सांगितलं गेलं होतं. आपण मात्र सुनेला गप्प बस म्हणतो आणि त्याला सब्र नाव देतो.

आपला इतिहासही मनाच्या इलाजाला लाजणारा नाही. बल्खचे अबू जैद अल-बल्खी, ज्यांचं निधन ९३४ मध्ये झालं, त्यांनी ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला, शरीर आणि नफ्स दोन्हींच्या तंदुरुस्तीवर. एक बिघडलं की दुसरं बिघडतं असं त्यांचं म्हणणं, आणि हकीम नुसत्या शरीराकडे बघतात अशी तक्रारही. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्ये दुखण्याचे पंधरा प्रकार मोजलेले आहेत. हजार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे पंधरा होते त्यांच्या वारसांकडे आज दोनच उरलेत, खरं आणि नाटक.

आमिल, तावीज, ‘असर है’ यांवर वेगळं लिहीन. इथे इतकंच, की दुआ कराच. दुआने मनाला आधार मिळतो आणि मनाच्या आधाराचा दुखण्याशी संबंध आहे, हे वर आलंच. पण हजारो रुपये घेऊन घरात कुणी केलं याचं नाव सांगणारा माणूस घरात नवं दुखणं सोडून जातो.

दुसऱ्या टोकाला नव्या जमान्याचे व्हिडिओवाले आहेत. सोचना बंद करो, दर्द बंद. तेही तितकंच खोटं. आधी शरीर तपासून घ्यायचंच. थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व यांच्या कमी-जास्तीने खरंच अंग दुखतं. ड जीवनसत्त्वाची उणीव तर भारतात सरसकट आहे, आणि आपल्या अरुंद गल्ल्यांत, जिथे घरात दुपारीही दिवा लागतो, तिथे उन्हाचा कवडसा म्हणजे चैन. सांधे सुजलेत, सकाळी तासभर ताठरलेले राहतात, ताप येतो, वजन घटतंय, पायातली ताकद जातेय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, असं काही असेल तर यातलं एकही वाक्य वाचत बसू नये, डॉक्टर गाठावा. माझं बोलणं त्यापुढचं आहे, सगळं तपासून झाल्यावर ज्यांच्या हाती फक्त ‘नॉर्मल’ पडलं त्यांच्याबद्दल.

त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त पुरावा आहे तो हालचालीचा. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत चालायला शिकवलं, थोडं समजावून सांगितलं. बाकीच्यांना तसंच सोडलं. न चालणाऱ्यांची कंबर साधारण ११२ दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांनी. यंत्र नाही, सुई नाही. गुडघ्यांचं असं, की वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. (हे वाक्य कुणाला टोमणा मारायला वापरू नये. टोमण्याने कुणाचं वजन उतरलेलं मी पाहिलं नाही.)

चालण्यातही एक पथ्य आहे. आपल्या बायका बऱ्या वाटलेल्या दिवशी पिंप, पडदे, रजया सगळं धुऊन काढतात, आणि पुढचे तीन दिवस पडून राहतात. रमजानच्या आधीचा आठवडा तर असाच जातो. त्याऐवजी रोज थोडं, बऱ्या दिवशीही थोडंच आणि वाईट दिवशीही थोडं तरी. दहा मिनिटांपासून सुरुवात. चालताना जरा दुखलं तर काही मोडलं असं समजायचं नाही.

कुणी म्हणेल, पाच वक्तांची नमाज हाच व्यायाम. नमाज ही इबादत आहे, फिजिओथेरपी म्हणून तिची जाहिरात करणं मला पटत नाही. उठण्या-बसण्याचा फायदा होतो तो होतोच. पण मशिदींत मागच्या सफेत वाढत चाललेल्या खुर्च्या बघितल्या की कळतं, उरलेल्या तेवीस तासांचं आपण काय करतो.

पण सवयी बदला म्हणणं सोपं आहे. ही वाक्यं मी शहरातल्या मासिकांत वाचते तेव्हा मला राग येतो. चालायचं कुठे? आपल्या गल्लीत बुरखा घालून बाई नुसती चालायला निघाली, हातात पिशवी नाही, सोबत मूल नाही, तर चार दारांतून विचारणा होते, “कहाँ चली, भाभी?” चालायला चालली हे उत्तर कुणाला पटत नाही. लवकर झोपायचं, तर रोटी कोण गरम करणार? बायकांची सवय म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो, ती घरातल्या पाच जणांच्या सवयींची बेरीज असते. म्हणून इलाजही पाच जणांनी करायचा. पाणी भरायची पाळी मुलाने घ्यावी, अठरा वर्षांचा घोडा झालाय. रात्रीचं जेवण ज्याचं त्याने वाढून घ्यावं, हे सुन्नतच्या विरुद्ध नक्कीच नाही. आणि ‘आज कैसा है?’ असं विचारावं, ‘अब भी दुखता है?’ असं नाही. या दोन प्रश्नांतला फरक माझ्या सातवीच्या मुलीही सांगतात.

बोलायला कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र, मराठीत-हिंदीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे पागल जातात हा समज काढून टाकावा. तिथल्या रांगेत बसलेल्यांपैकी कितीतरी जण डोकेदुखी, पाठदुखी घेऊनच आलेले असतात.

राहिला चालायच्या जागेचा प्रश्न. आमच्या शाळेचं मैदान संध्याकाळी साडेपाचनंतर रिकामं असतं. चारी बाजूंनी भिंत, आत नळ, लिंबाची दोन झाडं. असर ते मगरिब तिथे आया चालू शकतात, पोरी खेळू शकतात, कुणी कहाँ चली विचारणार नाही. सहा जणींच्या सह्यांचा अर्ज आम्ही दिला आहे. विरोध कुणाचा नाही, पण चावी कुणाकडे राहील यावर गाडी अडली आहे. चावी घ्यायला मी तयार आहे. तुमच्या गावातही एखाद्या उर्दू शाळेला मैदान असेल, शादीखान्याला पटांगण असेल. संध्याकाळी त्याला कुलूप असतं का, एकदा जाऊन बघा, आणि चावी कुणाकडे आहे तेही विचारून या.